ट्रान्स माणसांवरचे माहितीपट : 'हे दाखवू नका' म्हणायचा हक्क कुणाकडे?

कोरांटी

१९८९ साली छायाचित्रकार दयानिता सिंग लंडनच्या एका वृत्तपत्रासाठी दिल्लीतल्या हिजडा समाजाचे फोटो काढायला गेल्या. तिथं त्यांना मोना अहमद भेटल्या. मोनांनी फोटो काढू दिले आणि मग हे कुठं छापून येणार म्हणून विचारलं. लंडनमध्ये त्यांचे नातेवाईक होते, त्यामुळे त्यांनी फिल्म परत मागितली. सिंग यांनी ती देऊन टाकली आणि हाती घेतलेलं काम सोडलं. पुढं वर्षानुवर्षं मोनांनी त्यांना कॅमेऱ्यासकट आपल्या घरात येऊ दिलं, आणि घर सोडून त्या कब्रस्तानात राहायला गेल्या तेव्हा तिथंही. २००१ साली 'मायसेल्फ मोना अहमद' हे पुस्तक आलं. त्यातला मजकूर मोनांचाच आहे, प्रकाशकाला लिहिलेल्या ईमेलच्या रूपात. दत्तक मुलगी आयेशा, तिचं दुरावणं, गुरूशी फाटणं, दारू, एकटेपण, सगळं त्या स्वतःच्या तोंडानं सांगतात. २०१७ मध्ये त्या गेल्या.

हा माहितीपट नव्हे, पुस्तक आहे. तरी धागा इथून सुरू करते आहे, कारण ट्रान्स माणसांवरचा कुठलाही माहितीपट बघताना माझ्या मनात हाच प्रश्न येतो: यातल्या बाईला फिल्मचा रोल परत मागता आला असता का? मागितला असता तर मिळाला असता का?

बऱ्याच माहितीपटांत याचं उत्तर पहिल्या पाच मिनिटांत कळतं. आरशासमोर लिपस्टिक लावणारा हात, मग सिग्नलवरची टाळी, मग पाठमोरी चाल आणि मागं सारंगी. भारतात चित्रीकरण असेल तर तमिळनाडूतलं कूवागम ठरलेलंच. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास कूत्तांडवर म्हणजे अरवानाच्या (महाभारतातला इरावान) देवळात तिरुनंगै, म्हणजे तिकडच्या ट्रान्स स्त्रिया, देवाशी लग्न लावतात, दुसऱ्या दिवशी बांगड्या फोडून विधवा होतात. हा विधी फार मोठा आहे, त्यामागची महाभारतातली कथा हलवून टाकणारी आहे. पण फोडलेल्या बांगड्या आणि रडणारे चेहरे यांवर इतके कॅमेरे रोखलेले असतात की त्या बाईला तिच्या देवापुढं रडायलाही आडोसा उरत नाही. आणि सण संपल्यावर, उरलेलं वर्ष ती कशी जगते, याचं चित्रण करायला फार थोडे लोक थांबतात.

थांबलेल्यांपैकी एक लीना मणिमेकलाई. त्यांचा 'इज इट टू मच टू आस्क' हा २०१७चा माहितीपट चेन्नईत भाड्याचं घर शोधणाऱ्या दोघी नाट्यकलावंतांबद्दल आहे, लिव्हिंग स्माइल विद्या आणि एंजल ग्लेडी. विषय एवढाच: घर मिळेल का? घर शोधताना जात, खाणंपिणं, लग्न झालंय का, नोकरी काय, सगळं आपल्यालाही विचारतात. त्यामुळे बघणारा लगेच त्यांच्या जागी जाऊन उभा राहतो, आणि आपल्याला ज्या प्रश्नाचा नुसता त्रास होतो तिथं या दोघींसाठी दारच बंद होतं हे त्याच्या लक्षात येतं.

आणि माझ्या मते आजवरचा सगळ्यात चांगला म्हणजे केट डेव्हिस यांचा 'सदर्न कम्फर्ट' (२००१). अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात खेड्यात राहणारे रॉबर्ट ईड्स हे ट्रान्स पुरुष. त्यांना बीजाशयाचा कर्करोग झाला. दोन डझनांहून अधिक डॉक्टरांनी त्यांच्यावर उपचार करायला नकार दिला, आणि उपचार सुरू होईपर्यंत रोग हाताबाहेर गेला होता. दुसऱ्या कुणी यातून नुसती शोकांतिका काढली असती. इथं रॉबर्ट पाइप ओढत अंगणात बसलेले दिसतात, मित्रांसाठी मांस भाजतात, लोलाच्या प्रेमात पडतात, आणि तेव्हा दरवर्षी अटलांटाला भरणाऱ्या ट्रान्स लोकांच्या मेळाव्याला शेवटचं एकदा जायचं म्हणून हट्टानं तग धरतात. जानेवारी १९९९ मध्ये ते गेले. आजार सोडून त्यांच्या आयुष्यात इतकं काही आहे की ते गेल्यावर ओळखीचं माणूस गेल्यासारखं होतं. नकार देणाऱ्या डॉक्टरांचा राग तर येतोच, पण तो आपोआप येतो, निवेदकाला सांगावं लागत नाही.

तुम्ही काय काय पाहिलंय? काय पटलं, काय खुपलं?

रफकट

मी संकलनाचं काम करतो, म्हणून थोडं पडद्यामागचं. या विषयावर बोलताना 'पॅरिस इज बर्निंग' (१९९०) टाळून पुढं जाता येत नाही. जेनी लिव्हिंग्स्टन या गोऱ्या दिग्दर्शिकेनं न्यू यॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिन वस्तीतल्या ड्रॅग बॉलचं, म्हणजे वेश पालटून नटण्याच्या जलशांचं, चित्रण केलं. घरातून हाकलून दिलेल्या पोरांनी एकत्र येऊन केलेली 'हाउसेस', प्रत्येक घराची एक 'मदर', आणि रात्रभर चालणाऱ्या पोशाखांच्या, चालण्याच्या, नाचण्याच्या स्पर्धा. आपल्याकडच्या गुरू-चेल्यांच्या घराण्यांची ओळख असलेल्या माणसाला त्यातलं बरंच काही पटकन समजतं.

सिनेमा गाजला, त्यानं चांगला धंदा केला आणि मग पैशाचा प्रश्न आला. ज्यांची आयुष्यं पडद्यावर होती त्यांतल्या काहींनी दाव्याची तयारी केली. पण चित्रीकरणाच्या वेळी सगळ्यांनी संमतिपत्रावर सह्या केलेल्या होत्या, त्यामुळे कायद्यानं त्यांच्या हातात काही नव्हतं. शेवटी सुमारे ५५ हजार डॉलर १३ जणांत वाटले गेले, पडद्यावर कोण किती वेळ दिसतं त्या हिशेबानं.

दिग्दर्शिकेला खलनायिका ठरवायचं नाही मला. तिनंही कित्येक वर्षं पैसे जमवत ते काम केलं, आणि ते केलं नसतं तर ती माणसं, त्यांचं बोलणं, त्यांचा दिमाख काहीच उरलं नसतं. पण सही झाली म्हणजे संमती मिळाली, हे आमच्या धंद्यात सगळे सोयीनं धरून चालतात. ज्याला महिन्याचं भाडं कसं द्यायचं कळत नाही त्याच्यापुढं छापील इंग्रजी कागद ठेवला तर तो सही करणारच.

दूरदेशी

मी जर्सी सिटीला राहते, म्हणून पुढचं सांगते. 'पॅरिस इज बर्निंग'मधली सगळ्यात लक्षात राहणारी मुलगी म्हणजे व्हीनस एक्स्ट्राव्हगांझा. लहानखुरी, सोनेरी केसांची, पांढऱ्या पोशाखात चर्चमध्ये लग्न करायचं, स्वतःचं घर हवं असं सांगणारी. १९८८ मध्ये, चित्रीकरण पूर्ण व्हायच्या आत, तिचा न्यू यॉर्कच्या एका हॉटेलात गळा दाबून खून झाला. मारणारा सापडला नाही. सिनेमात ही बातमी तिची 'मदर' अँजी सांगते, आणि गोष्ट पुढं सरकते.

तीसेक वर्षांनी किंबर्ली रीड या दिग्दर्शिकेनं 'आयम युअर व्हीनस' (२०२४) केला. रीड स्वतः ट्रान्स स्त्री आहेत. यात व्हीनसचे सख्खे भाऊ आणि तिच्या 'हाउस'मधली माणसं एकमेकांना भेटतात. एकाच मुलीची ही दोन कुटुंबं, आणि दोघांनाही ती वेगवेगळी आठवते. भावांना तिचं जुनं नाव तोंडात बसलेलं, आपण तिला कसं वागवलं याची टोचणी. ते खुनाचा तपास पुन्हा व्हावा म्हणून पोलिसांकडे जातात. कागदोपत्री तिचं नाव मरणोत्तर बदलून घेतात. जर्सी सिटीतल्या तिच्या घराला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळतो. मला तो माहितीपट एवढ्यासाठी मोठा वाटतो की कॅमेऱ्यापुढं काहीतरी खरोखर *केलं* जातं: अर्ज भरला जातो, नाव बदललं जातं, माफी मागितली जाते. पहिल्या सिनेमात जी बातमी होऊन गेली, तिला दुसऱ्यात घर आणि नाव मिळालं.

सडेतोड

वरच्या सगळ्यांशी बऱ्यापैकी सहमत, पण एक अडचण मांडतो. ज्याच्यावर माहितीपट आहे त्यालाच 'हे काढा' म्हणायचा हक्क दिला तर ती जाहिरात होईल. उद्या कुणी राजकारणी म्हणेल माझ्यावरच्या माहितीपटातलं अमुक काढा. आपण मान्य करू का? आणि हिजडा समाजातही पिळवणूक आहे, चेल्यांच्या कमाईवर जगणारे गुरू आहेत, निर्वाणाच्या, म्हणजे लिंगच्छेदाच्या विधीच्या, नावाखाली झालेल्या धोकादायक शस्त्रक्रिया आहेत. गुरूनं नाही म्हटलं म्हणून ते झाकायचं का?

कोरांटी

सडेतोड, प्रश्न रास्त आहे. पण राजकारण्याला स्वतःची बाजू मांडायला शंभर जागा आहेत. तुमचा माहितीपट त्याला आवडला नाही तर तो उद्या पत्रकार परिषद घेईल. मोनांकडे त्यांचं 'नाही' सोडलं तर दुसरं काय होतं? आणि मी चेल्याचा हक्क म्हणते आहे, गुरूचा नव्हे. जिची पिळवणूक झाली तिनं बोलायचं ठरवलं तर गुरूच्या परवानगीची गरज नाही. पण तिच्या वतीनं तुम्ही ठरवायचं आणि चित्रीकरण संपवून निघून जायचं, मागं त्या घरात राहायचं तिनं, याला माझा विरोध आहे. मोनांच्या पुस्तकात गुरूबद्दल कडू बोलणं आहेच. ते त्यांनी स्वतः लिहिलं म्हणून त्याला वजन आहे.

अबोली२१

मी ट्रान्स स्त्री आहे. धागा दोन दिवस वाचत होते, आता लिहिते.

रोल परत मागण्याची गोष्ट वाचून मला १८७१चा कायदा आठवला. गुन्हेगार जमाती कायदा बहुतेकांना माहीत असतो, पण त्याचा दुसरा भाग आमच्यावर होता. हिजड्यांची नावं, पत्ते पोलिसांच्या नोंदवहीत. चारचौघांत बायकांचा वेश केला, नाचगाणं केलं तर शिक्षा. मृत्युपत्र करायचं नाही, दत्तक घ्यायचं नाही, लहान मुलाचं पालक व्हायचं नाही. आमच्याबद्दल कुणी वही घेऊन लिहायला बसलं की आमच्या थोरल्या माणसांना धास्ती वाटते ती उगाच नाही. नोंद करणारा माणूस कधी चांगल्यासाठी आला नव्हता.

आता कॅमेऱ्याचं. माझ्याकडे एकदा एक चमू आला होता. मुलं चांगली होती, चहा घेतला, गप्पा झाल्या. मग पहिली मागणी: लहानपणीचा फोटो द्या. दुसरी: आधीचं नाव सांगा. मी म्हटलं, दोन्ही मिळणार नाही. ती मुलं म्हणाली, "पण मग प्रवास कसा दिसणार?" त्यांच्या डोक्यात माझं आयुष्य म्हणजे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. मधली वर्षं, बारावीचा अभ्यास, पहिली नोकरी, पीएफचं खातं, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, यातलं काही त्यांच्या प्रश्नांच्या यादीत नव्हतं. २०१९च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचं प्रमाणपत्र घ्यायचं असतं. त्यासाठी मारलेल्या चकरा, आणि मग आधार, पॅन, बँक, गुणपत्रिका या प्रत्येकावर वेगळं नाव असल्यानं होणारी फरफट. प्रवास दाखवायचाच होता तर हा होता! तो सांगायला मी तयार होते.

आणखी एक. ट्रान्स पुरुष तुम्हाला माहितीपटात किती दिसले? कोरांटीताईंनी रॉबर्ट ईड्स यांच्याबद्दल लिहिलं, बरं वाटलं. आपल्याकडे 'प्लीज माइंड द गॅप' नावाचा छोटा माहितीपट आहे, दिल्ली मेट्रोनं जाणाऱ्या ट्रान्स पुरुषाबद्दल. मेट्रोत शिरताना तपासणीच्या दोन रांगा, बाया आणि पुरुष. कुठल्या रांगेत उभं राहायचं? रोज, कामावर जाताना, गर्दीत. त्यात ना आरसा आहे ना सारंगी.

पाणंद

आमच्या कोल्हापूरकडून दर वर्षी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला गाड्या भरून माणसं जातात. जोगते, जोगतिणी, म्हणजे देवीला वाहिलेली माणसं, त्यांतले कित्येक जोगते स्त्रीवेशातले, लहानपणापासून बघतोय. डोक्यावर जग, म्हणजे देवी बसवलेली टोपली, गळ्यात कवड्यांची माळ, भंडारा. चौंडकं वाजायला लागलं की अंगावर काटा येतो. चित्रीकरण करणारे पण येतात, आणि भंडारा उधळताना मंदगतीत टिपून जातात.

मला आवडलेलं चित्रण माहितीपटातलं नाही. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपती भवनात पद्म पुरस्कार दिले गेले. कर्नाटकातल्या मंजम्मा जोगती यांना पद्मश्री होती. त्या जोगती नृत्याच्या कलावंत, कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झालेल्या. त्या राष्ट्रपती कोविंद यांच्यासमोर गेल्या आणि पुरस्कार घ्यायच्या आधी पदरानं त्यांची दृष्ट काढली. अख्खं सभागृह टाळ्या वाजवत होतं. सरकारी कॅमेरा, काही सेकंदांचं चित्रण. ज्यांच्याकडून लोक लग्नाबारशाला आशीर्वाद घेतात आणि एरवी दारात उभं करत नाहीत, त्यांच्यातली एक देशाच्या प्रथम नागरिकाला आशीर्वाद देते आहे, आणि ते तो घेत आहेत. कुणी संगीत घातलं नाही, कुणी निवेदन केलं नाही. मी ते किती वेळा पाहिलं असेल सांगता येत नाही.

सायंतारा

कुणी 'डिस्क्लोजर' (२०२०) पाहिला का? सॅम फेडर दिग्दर्शक, लॅव्हर्न कॉक्स निर्मात्यांत. हॉलिवूडनं शंभर वर्षं ट्रान्स माणसं कशी दाखवली याचा आढावा, आणि बोलणारी सगळी माणसं ट्रान्स. 'द क्राइंग गेम'मधला (१९९२) ओकारीचा प्रसंग त्यांनी घेतला आहे. नायकाला समोरची बाई ट्रान्स आहे हे कळतं आणि त्याला उलटी होते. पुढं हेच दृश्य विनोदी सिनेमांनी उचललं. एकजण सांगतात की लहानपणी हे बघत मोठं झाल्यावर आपल्याकडे बघून लोकांना हेच वाटत असणार असं मनात घर करून बसतं. शिवाय चित्रीकरणाच्या चमूतही त्यांनी आधी ट्रान्स तंत्रज्ञ शोधले. जिथं मिळाले नाहीत तिथं घेतलेल्या माणसानं एका ट्रान्स उमेदवाराला काम शिकवायचं, अशी अट.

तो बघताना मला सतत आपलं आठवत होतं. 'सडक'मधली (१९९१) महाराणी. सदाशिव अमरापूरकरांचं काम जबरदस्त, त्याला फिल्मफेअर मिळालं, पण एका पिढीच्या मनात हिजडा म्हणजे कुंटणखान्याची क्रूर मालकीण हे चित्र त्यानं पक्कं केलं. तिथून ट्रान्स कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या २०१७च्या जाहिरातीपर्यंत आणि त्यांच्यावरच्या रवी जाधवांच्या 'ताली' या मालिकेपर्यंत (२०२३) आपण आलो. जाहिरातीत गौरीताई स्वतः होत्या, मालिकेत सुश्मिता सेन. सुश्मितांनी मनापासून काम केलं आहे, तरी तेवढ्या मालिकेत मुख्य भूमिकेला ट्रान्स अभिनेत्री का नाही, हा प्रश्न मला अजून छळतो. माहितीपटाचं बळ इथंच आहे ना? तिथं त्या माणसाच्या जागी दुसरं कुणी उभं करता येत नाही. म्हणूनच चेहरा त्यांचा आणि शब्द निवेदकाचे असं झालं की जास्त खुपतं.

रफकट

सायंतारा, चमूबद्दल लिहिलंत त्याला जोडून. 'कोकोमो सिटी' (२०२३) बघा. डी. स्मिथ या संगीत निर्मात्या, ट्रान्स स्त्री. कॅमेरा स्वतःच हातात घेतला, कृष्णधवल चित्रीकरण केलं. न्यू यॉर्क आणि अटलांटातल्या चार कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रिया, देहविक्री करणाऱ्या. त्या पलंगावर लोळत, केस विंचरत, हसत बोलतात: गिऱ्हाइकांबद्दल, पिस्तुलांबद्दल, आयांबद्दल, कृष्णवर्णीय पुरुषांच्या दांभिकपणाबद्दल. परक्या माणसापुढं कुणी असं बोलत नाही. माझ्या धंद्याच्या नजरेतून सांगतो, ती मोकळीक संकलनात निर्माण करता येत नाही, ती चित्रीकरणात असावी लागते.

जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. एप्रिलमध्ये त्या चौघींतल्या कोको डा डॉल यांचा अटलांटात गोळी घालून खून झाला. १९८८ची व्हीनस आणि २०२३ची कोको. चित्रणाची पद्धत पस्तीस वर्षांत खूप बदलली, रस्ता तसाच राहिला.

सडेतोड

'कोकोमो सिटी' काल रात्री पाहिला. कोरांटी, माझा मुद्दा मी पूर्ण सोडत नाही, पण यात त्या बायका स्वतःच्या समाजाबद्दल जे कठोर बोलतात ते बाहेरच्या शोधपत्रकाराला सात जन्मांत मिळालं नसतं. विश्वास दिला तर झाकपाक होते हे माझं गृहीतक इथं तरी लागू होत नाही.

नवा गडी

मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे, सोलापूर जिल्ह्यातला. प्रकल्पासाठी वीस मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. आमच्या माळशिरस तालुक्यात तरंगफळ गावानं २०१७ मध्ये ज्ञानदेव कांबळे, सगळे माउली म्हणतात, यांना सरपंच म्हणून थेट निवडून दिलं. राज्यातल्या पहिल्या तृतीयपंथी सरपंच म्हणून तेव्हा बातम्या आल्या. मला निवडणुकीपेक्षा त्यानंतरच्या कारभारावर करावंसं वाटतं: पाणी, रस्ते, ग्रामसभा. सुरुवात कशी करू?

अबोली२१

विषय फार चांगला निवडलास. आधी कॅमेरा न नेता जा. तृतीयपंथी असण्याबद्दलचा प्रश्न तू विचारू नकोस. त्यांना सांगावंसं वाटलं तर ते सांगतील. ग्रामसभेत विरोधात बोलणारी माणसंही घे, म्हणजे सरपंच म्हणून त्यांचं मोजमाप होईल. गावकऱ्यांना "तुम्हाला कसं वाटतं" विचारण्यापेक्षा नळाला पाणी कधी आलं ते विचार.

रफकट

संमती एकदा घेऊन थांबू नकोस. चित्रीकरणाआधी घे, संकलनाचा पहिला खर्डा दाखवून घे, आणि यूट्यूबवर टाकायच्या आधी पुन्हा घे. महाविद्यालयात वीस जणांनी बघणं वेगळं आणि नातेवाइकांच्या फोनवर जाणं वेगळं. शीर्षक आणि वरचं छोटं चित्रही त्यांना दाखव. आत सगळं नीट असतं आणि बाहेर कुणीतरी सनसनाटी शीर्षक चिकटवतं, हे फार होतं. झाल्यावर 'कशिश'ला पाठव. मुंबईत २०१० पासून भरणारा महोत्सव आहे, लघुमाहितीपट घेतात.

अबोली२१

आणि मानधनाचं आधी बोल. विद्यार्थी आहेस, जास्त देता येणार नाही, ते सांगून टाक. पण ज्या दिवसाची मजुरी किंवा काम तुझ्यामुळे बुडेल त्याचे पैसे दे, आणि कागद मराठीत कर. नाही म्हणायची मुदत किती ते त्यात ठळक लिही.